उरलेले दोन बोल्ट

गेजला दोन तोंडं असतात. एक भोकात जायलाच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. चौगुलेनं ते दुसरं तोंड बुशात घातलं, तर ते दांड्यापर्यंत आत गेलं. त्यानं बुश गेजसकट कानाजवळ नेऊन हलवला. आतून खुळखुळ आवाज आला.

"खुळखुळा झालाय अण्णा," तो म्हणाला. "पोराटोरांना वाटून टाकूया."

मगदूमअण्णांनी त्याच्या हातातून बुश घेतला, उजेडाला धरला आणि आत बघितलं. नुसतं बघून काही कळत नाही, पण मालकाला बघावं लागतं. मग त्यांनी ट्रेमधला दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळे तसेच.

"सकाळपासनं सगळे आसंच?"

"सगळे," शालन म्हणाली. "पहिल्या पाचाला गेज लावला तवाच मी मशीन थांबवलं, अण्णा. पुढं एक पण काढला नाही."

"पाच काय नि पन्नास काय," चौगुले म्हणाला. "विहिरी पाडल्यात."

ती मशीनच्या दाराशी उभी होती. साडीवरून खाकी एप्रन, हातात पुसायचं फडकं. फडकं ती पुसायला धरत नव्हती, नुसतं धरून होती.

शालन माझी बायको. मी त्या कारखान्यात सेटर होतो. मशीनवर हत्यारं बसवायची, पहिला जॉब, म्हणजे पहिला नग, मापात काढून द्यायचा आणि काही बिघडलं की शोधून काढायचं, हे माझं काम. सगळे मला मेस्त्री म्हणत. शेडमध्ये शालनही मेस्त्रीच म्हणायची. घरी अहो.

कारखाना कुपवाडच्या एमआयडीसीत होता. पंपात बसणारे पोलादी बुश आम्ही करायचो. बुश म्हणजे जाड नळीचा तुकडा. त्याचं सगळं मोल आतल्या भोकात. आधी ड्रिल भोक पाडतं, ते मुद्दाम जरा बारीक ठेवायचं. मग रीमर आत जाऊन पातळ थर काढतो आणि भोक मापात आणतो. ड्रिलनंच मोठं भोक पाडलं तर रीमरला काढायला काही उरत नाही. आणि लोखंड काढता येतं, परत भरता येत नाही. मोठ्या भोकाचा बुश सरळ भंगारात जातो.

त्या वेळी आमच्याकडं सीएनसी, म्हणजे आकड्यांवर आपोआप चालणारा, लेथ एकच होता. त्याच्यावर बाई उभी राहील असं कोणाच्या डोक्यात नव्हतं. बायका पत्र्याच्या भिंतीलगत लांब टेबलाशी बसायच्या आणि कानशीनं बर काढायच्या. भोक पाडल्यावर काठाला जी धारदार कड राहते, ती बर. शालन बरीच वर्षं तिथं बसली. रात्री भाकरीचं पीठ मळताना तिची बोटं चुरचुरायची. ती हात वर करून फुंकर मारायची आणि परत पिठात घालायची.

मग मशीनवरचा माणूस पुण्याला निघून गेला. हंगामाचे दिवस, काम तुंबलेलं. दुसरा मिळेपर्यंत जॉब लावायला-काढायला म्हणून अण्णांनी शालनला तिथं उभं केलं. तिनं नुसतं लावणं-काढणं केलं नाही. कुठलं बटण कशाला, हे ती मला विचारायची. मी सांगितलेलं घरी येऊन ओट्यावर खडूनं काढायची. भाजी चिरता चिरता त्या खडूच्या बटणांवरून बोट फिरवायची. एकदा मी म्हटलं, "कढई सेट करतीस काय?" ती म्हणाली, "हसा. एक दिवस तुमचाच पहिला जॉब तपासीन मी."

अण्णा तिचं काम बघत होते. गणपती झाल्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "दिवाळीपतूर बघूया. काम आसंच चाललं तर ह्ये मशीन वैनीचं."

चौगुले आमचा सुपरवायझर. त्याचा मेव्हणा आयटीआय करून घरी बसला होता. ते मशीन त्याच्यासाठी, असं चौगुलेनं मनात धरून ठेवलं होतं. वाईट माणूस नव्हता. मेव्हणा कोणाला नसतो?

ही गोष्ट दसऱ्यानंतरची. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, दसऱ्याला सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी हे.

"ऑफसेट बदललाय बाईनं," चौगुले म्हणाला. "दुसरं काय आसणार. बोटं वळवळतात."

ऑफसेट म्हणजे हत्यार कुठं उभं आहे ते मशीनला सांगणारा आकडा. तो चुकला की ड्रिल जॉबच्या मध्यावर न लागता बाजूला लागतं. जॉब फिरत असतो, ड्रिल जागेवर असतं. मधोमध नसलं की भोक मोठं पडतं.

"मी त्या पानाला हातच लावला नाही," शालन म्हणाली.

"आसं सगळेच म्हणतात वैनी."

"भांडू नका," मी म्हणालो. "आकडा काही लपून बसत नाही."

मी पडद्यावर ते पान काढलं. सुट्टीआधी मी बसवलेला आकडा जसाच्या तसा होता. मी अण्णांना दाखवला. चौगुलेलाही दाखवला, जरा जास्त वेळ दाखवला.

"मग ड्रिल," चौगुले म्हणाला.

"ड्रिल मी घासलंय."

"मग तुमचं चुकलं आसंल."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. ड्रिलच्या टोकाला दोन धारा असतात. घासताना एक लांब, एक आखूड झाली की ड्रिल एका अंगाला रेटतं आणि भोक मोठं पडतं. हातानं घासणाऱ्याची पहिली चूक हीच. मी ड्रिल काढून चौगुलेच्या हातात दिलं.

"बघ. आणि शालन, भोक पाडताना लोखंडाचा कीस कसा येत होता?"

"दोन्ही अंगानं सारखा येत होता, मेस्त्री. एका अंगाचा असता तर मीच तुम्हाला हाक मारली असती."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. मला ते दिसलं. असं उत्तर टेबलावरून मिळत नाही.

तरी मी पेटीतून कोरं ड्रिल काढलं, बसवलं आणि तिला म्हणालो, "चालव." तिनं दार लावलं, बटण दाबलं. ड्रिल गार ठेवणारं पांढरं पाणी काचेवर उडालं. बुश बाहेर आला, तिनं पुसून गेज लावला. गेज दांड्यापर्यंत गेला.

आता लोक जमायला लागले. बर काढणाऱ्या बायकाही कानशी ठेवून उठल्या. मला ते आवडायचं. उगाच नाही म्हणत नाही. मशीन बिघडलं की सगळे जमायचे आणि मी एकेक शक्यता काढून बाजूला ठेवायचो. शेवटी एकच उरायची. लोक म्हणायचे, मेस्त्रीच्या हातापाशी मशीन बोलतं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. मला दुसरं कुठं कोणी ऐकत नव्हतं.

ड्रिल ज्या नळीत बसतं ती मी काढून पुसली. नळी साफ होती. चक, म्हणजे जॉब पकडून फिरवणारा जबडा, त्याच्यातला जॉब सरळ फिरतोय का बघितलं. सरळ होता. जॉबचा वेग, ड्रिलची पुढं सरकायची चाल, सगळं रोजचंच होतं.

मग मी डायल काढला. डायल म्हणजे घड्याळासारखं माप, केसापेक्षा बारीक फरक काट्यावर दाखवतं. तो मी चकमध्ये पकडला आणि चक हातानं फिरवत डायलचं टोक ड्रिलच्या भोवती नेलं. ड्रिलच्या बुडाशी काटा जरासा हलला. टोकाशी नेल्यावर चांगलाच हलला.

"काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

"ड्रिल सरळ उभं नाही. मान वर केलीय त्यानं. बुडाशी थोडं वाकडं, टोकाशी जाईपर्यंत जास्त."

"म्हणजे ह्येच कारण?"

"ह्ये कारण नाही अण्णा. कारण ह्येच्या मागं आहे. मान का वर केली ते बघायचं."

चौगुले पुढं झाला. "आता मी सांगतो. टरेट ठोकलाय."

सगळ्यांच्या माना शालनकडं वळल्या.

टरेट म्हणजे मशीनमधलं ते फिरतं चाक, ज्याच्यावर सगळी हत्यारं बसतात. चुकीचं बटण दाबलं तर तो जाऊन फिरत्या जॉबवर आदळतो. तसं झालं की टरेटच जागचा हलतो. मग मशीनच्या कंपनीचा माणूस पुण्याहून यायचा, तोपर्यंत मशीन बंद. ठोकणं एक वेळ चालतं. ठोकून गप्प बसणं चालत नाही.

"मी ठोकलं नाही," शालन म्हणाली. तिचा आवाज चढला. "अण्णा, शपथ घेते."

"शपथेनं भोक ल्हान होत न्हाई वैनी," चौगुले म्हणाला.

अण्णा तिच्याकडं बघत नव्हते, टरेटकडं बघत होते.

"ठोकलं का नाही ते मशीन सांगंल," मी म्हणालो. "ॲलन की द्या."

ड्रिलची नळी एका लोखंडी ठोकळ्यात बसते आणि तो ठोकळा चार बोल्टांनी टरेटवर आवळलेला असतो. मी मशीनच्या आत वाकलो. डोकं आणि खांदे आत, बाकीचा मी बाहेर. पहिल्या बोल्टाला चावी लावली. तो सरळ फिरला, लोण्यासारखा बाहेर आला. मी तो अण्णांच्या तळहातावर ठेवला.

"बघा. धडक असती तर ह्यो वाकला असता. चावी फिरलीच नसती. टरेट ठोकलेला नाही."

"नक्की?"

"लिहून देतो."

अण्णांनी मान हलवली. शालन पहिल्यांदा हसली, आणि चौगुलेकडं बघून हसली. "बघा भाऊ," ती म्हणाली, "बोटं वळवळत नाहीत माझी."

टेबलावरच्या बायका खिदळल्या. चौगुलेनं तोंड फिरवलं.

मी परत आत वाकलो आणि दुसरा बोल्ट सैल केला. ठोकळा जरासा सुटला. ठोकळा आणि टरेट यांच्या फटीतून पाण्याचा एक थेंब आला आणि ठोकळ्यावरून खाली ओघळला. तो पांढरा नव्हता. लाल होता.

माझा हात थांबला.

आमच्याकडं खंडेनवमीला सगळी हत्यारं मशीनवरून उतरवतात. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडतात. गडी लोक मशीनच्या दारावर कुंकवाचं बोट ओढतात, झेंडूचा हार घालतात, झालं. शालननं तसं केलं नव्हतं. तिनं टरेटवरची हत्यारं बसायची प्रत्येक जागा पुसली आणि प्रत्येक जागेला कुंकू लावून दोन अक्षता वाहिल्या. मी विचारलं, आत कशाला? ती म्हणाली, "हत्यार बसतं ते ठाणं आत आहे. दाराला काय पुजायचं?" मग तिनं एकेक जागा परत कोरड्या फडक्यानं साफ पुसायला घेतली आणि एकेक ठोकळा बसवत गेली. बोल्ट तिचे तिनंच आवळले. मी तिला पहिल्यांदाच ते करू दिलं होतं. शेवटचा ठोकळा राहिला होता तेव्हा तिकडं आरतीची घंटा वाजायला लागली आणि मी हाक मारली, "शालन, आवर, सगळे थांबल्यात." तिनं घाईनं ठोकळा लावला, चार बोल्ट आवळले आणि पदर सावरत आली.

तो शेवटचा ठोकळा ड्रिलचा होता.

हे सगळं मला तिथं वाकल्या वाकल्या एका क्षणात कळलं. फटीत कुंकवाचा आणि तांदळाचा एक थर राहिला असणार. बोल्टांनी तो चेपून घट्ट झाला असणार. ठोकळा एका अंगानं केसभर उचललेला, आणि ड्रिल लांब, म्हणून टोकाशी तो केस चार केसांएवढा झालेला. भोक मोठं. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

थेंब बाहेरून कोणाला दिसला नव्हता. माझं डोकं आड होतं. मी अंगठ्यानं तो पुसला.

"काय झालं मेस्त्री?" अण्णांनी विचारलं. "थांबला?"

मी मान वळवून बाहेर बघितलं. शालन माझ्या हाताकडं बघत होती. अंगठा मी पँटला पुसायच्या आत तिनं तो बघितला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण तसंच राहून गेलं, विसरून राहिल्यासारखं.

"अण्णा," ती म्हणाली, "जेवणाची वेळ झाली. सगळे उपाशी आहेत. जेवून बघू की."

"व्हय व्हय," कोणीतरी म्हणालं. "पोटात कावळे वराडायला लागल्यात."

अण्णांनी घड्याळ बघितलं. "काय मेस्त्री? जेवूया?"

"आता दोनच बोल्ट राहिलेत," मी म्हणालो.

मी तिसरा काढला. चौथा काढला. ठोकळा हातात आला. मी तो उलटा करून सगळ्यांसमोर धरला.

खालच्या बाजूला एका कोपऱ्यात लाल थर बसला होता. पाण्यानं आणि दाबानं त्याची पापडी झाली होती. मी नखानं ती उचकटली. तिच्यात तांदळाचा अर्धा दाणा सापडला.

"ह्ये बघा कारण," मी म्हणालो.

आणि मी समजावून सांगितलं. बुडाशी एवढं उचललं की टोकाशी किती वाकडं होतं, ते हातात ड्रिल धरून दाखवलं. माझा आवाज मला अजून आठवतो. चांगला खणखणीत होता.

आधी कोणाला कळलं नाही. मग चौगुलेला कळलं.

"आयला!" तो म्हणाला. "मशीनचं हळदीकुंकू केलंय!"

शेड हसायला लागली. कोणीतरी म्हणालं, "ओटी भरली काय?" चौगुले हात जोडून टरेटसमोर उभा राहिला. "वाण काय दिलंसा वैनी? बुश?" बायकाही हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, पण हसल्या. अण्णा हसले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाचा राग उतरतो.

अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मेस्त्री, तुमच्यासारखा माणूस न्हाई. पुण्याच्या माणसाला चार दिवस लागले आसते."

मला बरं वाटलं. त्या वेळी बरंच वाटलं.

"वैनी," अण्णा तिच्याकडं वळले. अजून हसतच होते. "भाव चांगला हाय हो तुमचा. त्याला नाव ठेवत न्हाई. पण ह्ये मशीन हाय, देवघर न्हवं. आज पाच-सहा बुश गेले, उद्या काय जाईल?"

"चूक झाली अण्णा," ती म्हणाली. "पुसायचं राहिलं."

पुसायचं का राहिलं, हे तिनं सांगितलं नाही. मी तिथंच होतो, ठोकळा हातात घेऊन. मीही सांगितलं नाही. खरं तर ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मला कारण सापडलं होतं.

"तुम्ही सध्या टेबलावर बसा," अण्णा म्हणाले. "चौगुले, तुझ्या मेव्हण्याला लावून दे उद्यापासनं. दिवाळी झाल्यावर बघूया वैनी, काय?"

"बरं," ती म्हणाली.

तिनं एप्रन काढला, घडी घालून मशीनवर ठेवला. जाता जाता मला म्हणाली, "मेस्त्री, बाकीच्या जागापण उघडून बघा. माझ्या हातानं बसवल्यात."

मी जेवणानंतर सगळ्या उघडल्या. सगळ्या आरशासारख्या साफ होत्या. ते मी अण्णांना सांगायला गेलो तेव्हा ते फोनवर होते. नंतर राहून गेलं.

ठोकळा पुसून बसवला, पहिला बुश काढला. गेजचं एक तोंड गेलं, दुसरं गेलं नाही. चौगुलेनं मला तंबाखू दिली. मी खात नाही, पण घेतली.

संध्याकाळी ती गेटशी नेहमीच्या जागी उभी होती. माझ्या एम-एटी गाडीवर मागं बसली, नेहमीसारखा खांद्याला हात धरला. वाटेत मेथी घ्यायला थांबवलं. जुडी हातात घेऊन देठ मोडून बघितला, दुसरी घेतली. मला वाटलं, मनावर घेतलं नाही तिनं. मी हलका झालो.

घरी ती मेथी निवडायला बसली. मी हातपाय धुऊन आलो. पाट ओढून तिच्यासमोर बसलो.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मी म्हणालो. "दिवाळीनंतर अण्णा बघतो म्हणालेत."

"हं."

"मी बोलीन त्यांच्याशी."

तिनं एक काडी निवडून बाजूला टाकली. मग विचारलं, "तुम्हाला कवा कळलं?"

"काय?"

"कुंकू आहे ते. तुम्हाला कवा कळलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण मला मशीनच्या बाबतीत खोटं बोलायची सवय नव्हती.

"दुसऱ्या बोल्टाला," मी म्हणालो.

ती निवडत राहिली. "मला पण तवाच कळलं. तुमचा हात थांबला."

"हं."

"मग उरलेले दोन का काढले?"

मी लगेच म्हणालो, "चौगुलेनं तुझ्यावर धडकेचा आळ घेतला होता. तो खोटा पाडायचा होता."

"तो पहिल्याच बोल्टाला पडला होता. तुम्हीच म्हणालात, लिहून देतो. अण्णांनी मान पण हलवली." तिनं वर बघितलं. रागानं नाही. ओट्यावरची बटणं विचारायची तशीच विचारत होती. "मी जेवायला जाऊ म्हणाले होते. तुम्ही एकटे मागं राहिला असता. पुसून बसवलं असतं. मला घरी येऊन चार शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकल्या असत्या. ते दोन बोल्ट कशासाठी काढले, तेवढं सांगा."

बाहेर शेजारच्यांचा रेडिओ चालू होता. सगळे बघत होते म्हणून काढले. पूर्ण करायचं होतं म्हणून काढले. मशीनमध्ये डोकं घालून मी उभा होतो तेव्हा माझ्या मागं माझी बायको उभी आहे, हे मला माहीत होतं आणि तरी नव्हतं.

"काढायला नको होते," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. मेथीचं ताट उचललं आणि ओट्याकडं गेली. ओट्यावर सकाळची खडूची बटणं होती. तिनं ओल्या फडक्यानं ओटा पुसला आणि मेथी चिरायला घेतली.

दिवाळी झाली. चौगुलेचा मेव्हणा बरा निघाला, बुश मापात काढायचा. मी अण्णांशी एकदा बोललो. ते म्हणाले, "पोरगा चांगला चालवतोय मेस्त्री, आता कुठं त्याला काढू?" दुसरी मशीनं आली तेव्हा आयटीआयचीच पोरं आली. शालन टेबलावर बसली आणि कारखाना सोडेपर्यंत टेबलावरच होती. त्या दिवसाबद्दल ती परत बोलली नाही. टोमणा नाही, रुसणं नाही. मी आजारी पडलो की रात्रभर उशाशी बसायची. लोक म्हणायचे, मेस्त्री, तुमचा जोडा बघून घ्यावा.

ती गेली त्याला आता वर्ष होईल.

किडनीचं दुखणं होतं. शेवटच्या महिन्यात तिचं डोकं धड राहिलं नव्हतं. कधी मला ओळखायची, कधी तिचा थोरला भाऊ समजायची. तो भाऊ कधीच वारलेला. डॉक्टर म्हणाले, रक्तात विष चढतं तेव्हा असं होतं, तुम्ही हो ला हो म्हणा.

एका दुपारी मी तिच्या पायाला तेल लावत होतो. पाय सुजले होते, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. ती छताकडं बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "गप का बसलास? काहीतरी सांग."

"काय सांगू?"

"काय पण. झोप येत नाही."

मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, "कुपवाडला एक कारखाना होता." आणि सांगत गेलो. मशीनवर उभी राहिलेली बाई, तिचा नवरा, दसऱ्यानंतरची मोठी भोकं. ऑफसेट बरोबर निघाला, ड्रिल बरोबर निघालं. पहिला बोल्ट लोण्यासारखा आला. दुसऱ्याला लाल थेंब आला. ती लहान पोरीसारखी ऐकत होती. बाईनं जेवायला जाऊ म्हटलं आणि नवरा नाही म्हणाला, ते मी सांगितलं. त्यानं चारही बोल्ट काढले, सगळे हसले, ते सांगितलं. घंटा वाजत होती आणि हाक त्यानंच मारली होती, हेही सांगितलं. ते मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी थांबलो. तेलाचा हात तसाच तिच्या घोट्यावर होता.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय?"

"त्या बाईचं काय झालं? तिला मशीन मिळालं का परत?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"मिळालं," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळली.